मागील पानावरून पुढे

ज्यांनी बँकेत हाताने लेजर लिहिले आहे, त्यांना एक गोष्ट पक्की ठाऊक असते. खातेपुस्तकाचे नवे पान कधी कोऱ्यापासून सुरू होत नाही. पहिल्या ओळीवर ‘मागील पानावरून’ असे लिहायचे, मागच्या पानाच्या तळाशी आलेली बाकी तेथे आणायची, आणि मग पुढचे व्यवहार मांडायचे. ही एक ओळ चुकली की खालचे सगळे आकडे बरोबर असूनही हिशेब चूक ठरतो. संगणक येईपर्यंत ही ओळ मी स्वतः लिहिली, हाताखालच्या मंडळींकडून लिहून घेतली आणि इतरांनी लिहिलेली तपासली. पण तिचा एक वेगळा अर्थ मला निवृत्तीनंतर कळला, आणि तोही अशा एका पुस्तकामुळे, जे हातात धरायलासुद्धा मी आधी तयार नव्हतो.

गोष्ट २०२४ च्या दिवाळीतली. आमची नात पुण्याला वसतिगृहात राहून शिकते. सुट्टीला ती जुन्नरला आमच्याकडे येते. त्या वर्षी आली ती बॅगेत एक जाडजूड इंग्रजी कादंबरी घेऊनच. ‘द नाइटमेअर बिफोर किसमस’ हे तिचे नाव, आणि सारा राश ही अमेरिकन लेखिका. मी पुस्तक उचलले, मागच्या मजकुराच्या दोन ओळी वाचल्या. नाताळचे एक राज्य, हॅलोवीनचे एक राज्य, त्यांचे राजपुत्र, जादू आणि प्रेम! फराळाला चार माणसे आलेली होती. त्यांच्यादेखत मी म्हणालो, “वीस वर्षांची घोडी झालीस आणि अजून राजपुत्रांच्या गोष्टी वाचतेस? घरात एवढे दिवाळी अंक येऊन पडलेत, त्यातलं एखादं पान तरी उलट.” माणसे हसली. मीही हसलो. नातीने पुस्तक माझ्या हातातून घेतले आणि बॅगेत ठेवले. ते पुन्हा बाहेर आले नाही. भाऊबीज झाल्यावर ती एसटीने पुण्याला गेली, तेव्हा माझी पत्नी एवढेच म्हणाली, “पोरीला तुम्हाला काहीतरी सांगायचं होतं वाटतं.” मी ते मनावर घेतले नाही.

गेल्या वर्षी, म्हणजे २०२५ च्या दिवाळीत ती पुन्हा आली. पाडव्याच्या दुपारी जेवणे झाली, वीज गेली आणि घर सुस्तावले. खाटेवर एक पुस्तक पालथे पडले होते. त्याच लेखिकेचे, त्याच मालिकेतले दुसरे, ‘गो लक युअरसेल्फ’. मार्च २०२५ मध्ये ते निघालेले. शीर्षकातली कोटी काय आहे ते नातीने मला समजावून सांगितले नाही, आणि अंदाज आल्यावर मीही विचारले नाही. वर्तमानपत्र वाचून झाले होते. नुसता चाळा म्हणून मी ते उघडले.

पहिल्या काही पानांतच मला माझी जुनी नोकरी भेटली. या कादंबरीतल्या जगात प्रत्येक सणाचे एक राज्य आहे, आणि त्या सणामुळे माणसांना जो आनंद होतो त्यावर त्या राज्याची जादू चालते. आनंद ही त्यांची ठेव आहे म्हणा ना! आणि नाताळच्या तिजोरीतून कोणीतरी हा आनंद चोरतो आहे. पुरावा काय, तर एक तिपानी पान. आयर्लंडमध्ये सेंट पॅट्रिकचा सण असतो, त्याची ही खूण. मग नाताळचा धाकटा राजपुत्र क्रिस सदिच्छा भेटीचे निमित्त करून त्या राज्यात तपासाला जातो. आता हे सारे एखाद्या तपासणी अधिकाऱ्याने अचानक शाखेत जाऊन “सहज आलो होतो” म्हणण्यासारखेच नाही का? मी असा अनेकदा गेलो आहे. समोरचा चहा मागवतो आणि आपण त्याच्या टेबलावरच्या वह्यांकडे पाहत राहतो. त्यामुळे जादूच्या राज्यात माझा पाय अडखळला नाही.

तो अडखळला दुसरीकडेच. क्रिस बोलता बोलता सारखा आपल्या थोरल्या भावाचा उल्लेख करतो. त्याचे नाव कोल. कोलने काहीतरी मोठे केले आहे, बापाशी भांडला आहे, राज्याची घडी बदलतो आहे. हेक्स नावाचा कोणी हॅलोवीनचा राजपुत्र त्याच्याबरोबर आहे. सगळ्या पात्रांना हे ठाऊक आहे, मला मात्र नाही. पहिल्या ओळीवरची बाकीच माझ्याकडे नव्हती. तासाभराने मी नाइलाजाने हाक मारली, “अगं, हा कोल कोण?”

नात स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. माझ्या हातातले पुस्तक पाहून म्हणाली, “आजोबा, तुम्हाला खरंच हवंय, की पुन्हा चेष्टा करायचीय?”

त्या प्रश्नाने मी वरमलो. वर्षभर तो तिच्या मनात होता, हे उघड होते. “खरंच हवंय,” मी म्हणालो. मग ती खाटेच्या कडेला बसली आणि तिने मला पहिला भाग सांगितला. ती सांगत असताना वीज येऊन पुन्हा गेली, चहा झाला, अंगणात पणत्या लावायची वेळ झाली. नातीशी इतका वेळ मी कित्येक वर्षांत बोललो नव्हतो.

माझ्या पिढीच्या वाचकांना ‘चांदोबा’ आठवत असेल. मद्रासहून निघणाऱ्या ‘चंदामामा’ची ही मराठी आवृत्ती १९५२ पासून येऊ लागली. घोडेगावात माझ्या लहानपणी तिचा एक अंक पाच-सहा घरे फिरत असे. त्यात जादूगारांच्या, राक्षसांच्या आणि राजकन्यांच्या धारावाहिक कथा असत. अशा कितीतरी कथा लिहिणारे दासरी सुब्रह्मण्यम हे तेलुगू लेखक होते, हे मला फार पुढे कळले. प्रत्येक हप्त्याच्या आरंभी मागच्या अंकात काय घडले ते चार ओळींत दिलेले असे. पण त्या चार ओळींवर आमचे भागत नसे. मधला अंक चुकलेला मुलगा तो वाचलेल्या मुलाला गाठायचा, आणि तो सांगायचा. सांगताना पदरचे घालायचा. राक्षसाला दोन शिंगे असली तर तीन करायचा. जो सांगे त्याचा भाव त्या दिवशी वधारलेला असे. मागचा अंक वाचलेला असणे हीच त्याची श्रीमंती.

मोठेपणी मी कादंबऱ्या लिहू लागलो. समीक्षकांनी चार बरे शब्द लिहिले. त्याबरोबर मी हे सारे विसरलो, किंवा विसरल्याचा आव आणला म्हणा. अद्भुत म्हणजे पोरकट, प्रेमकथा म्हणजे बायकी, सणासुदीचे वाङ्मय म्हणजे हलकेफुलके आणि दुसरा भाग म्हणजे निव्वळ धंदा, अशी चार लेबले माझ्या कपाटावर चिकटलेली होती. नातीच्या पुस्तकाला ही चारही लेबले एकदम लागू पडत होती! मग मी ते न वाचताच निकाल दिला यात नवल ते काय?

ही लेबले कितपत टिकतात ते पाहू. सणाच्या वाङ्मयाला हलके म्हणणारा मी, ज्या दिवाळी अंकांचा दाखला देत होतो तेच मुळी सणाचे वाङ्मय आहे. काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला आणि मराठीतल्या या परंपरेचा आरंभ झाला. मासिकाचे नावच ‘मनोरंजन’ होते, त्याची त्यांना लाज वाटली नाही. इंग्रजीत चार्ल्स डिकन्सने १८४३ च्या डिसेंबरात ‘अ ख्रिसमस कॅरोल’ प्रसिद्ध केले. ते भुताखेतांचे, आणि ऐन नाताळात विकण्यासाठी काढलेले पुस्तक. ते खपले म्हणून १८४८ पर्यंत त्याने नाताळची आणखी चार पुस्तके लिहिली. धंदा होताच. पण धंद्यासाठी लिहिलेले सगळेच वाईट असते, हे निदान बँकेत आयुष्य घालवलेल्या माणसाने तरी म्हणू नये.

आणि दुसऱ्या भागाचे काय? देवकीनंदन खत्री यांची ‘चंद्रकांता’ ही हिंदी कादंबरी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरची. नौगढचा राजपुत्र वीरेंद्रसिंह, विजयगढची राजकन्या चंद्रकांता, वेष पालटणारे ऐयार आणि माणसाला अडकवून ठेवणारे तिलिस्म. ती वाचता यावी म्हणून त्या काळी अनेकांनी देवनागरी लिपी शिकून घेतली, असे सांगतात. वाचकांचे तेवढ्याने समाधान झाले नाही, तेव्हा खत्रींनी राजाराणीच्या मुलांची कथा चोवीस भागांत लिहिली आणि तिला ‘चंद्रकांता संतती’ असेच नाव दिले. त्यापुढची ‘भूतनाथ’ अपुरी असताना १९१३ साली ते वारले, तर त्यांच्या मुलाने, दुर्गाप्रसाद खत्रींनी ती पुरी केली. कथेत आईबापांची गोष्ट मुले पुढे नेतात आणि कथेबाहेर बापाचे पुस्तक मुलगा पुढे नेतो. याला नुसता धंदा कसे म्हणावे? १९९४ साली दूरदर्शनवर रविवारी सकाळी ‘चंद्रकांता’ मालिका सुरू झाली तेव्हा आमची मुलगी, म्हणजे या नातीची आई, बारा वर्षांची होती. एखाद्या रविवारी लग्नकार्यामुळे भाग बुडाला तर ती शेजारच्या घरी जाऊन “काय झालं हो?” विचारून येई. शेजारीण भांडी घासता घासता सगळा भाग सांगे. मी तेव्हाही आतल्या खोलीत बसून नाक मुरडत असे.

या नाक मुरडण्याचीही आपल्याकडे मोठी जुनी परंपरा आहे, आणि तिची सर्वांत सुंदर कथा आमच्याच सातवाहनांच्या नावावर आहे. जुन्नरहून पश्चिमेला घाटघरच्या बाजूने गेले की नाणेघाट लागतो. कोकणातल्या बंदरांतून वर येणारा जुना व्यापारी रस्ता तो. घाटमाथ्याच्या गुहेत सातवाहनांच्या नागनिका राणीचा म्हणून ओळखला जाणारा ब्राह्मी लिपीतला, प्राकृत भाषेतला लेख आहे. यज्ञ किती केले, दक्षिणा म्हणून गाई किती, घोडे किती, कार्षापण किती दिले, याची ती यादी आहे. तिच्यातले अंक भारतात सापडलेल्या सर्वांत जुन्या अंकांपैकी मानले जातात. मी तेथे पहिल्यांदा गेलो तेव्हा मला वाटले, हे तर आमचे लेजर! त्याच गुहेत राजघराण्यातल्या माणसांच्या मूर्ती होत्या. मूर्ती गेल्या, वर कोरलेली नावे तेवढी राहिली.

याच घराण्याचे नाव घेऊन एक दंतकथा चालत आलेली आहे. काश्मीरच्या सोमदेवाने अकराव्या शतकात ‘कथासरित्सागर’ रचला, त्याच्या आरंभी ती येते. इतिहास म्हणून ती घेऊ नये, पण गोष्ट म्हणून तिला तोड नाही. वसंतोत्सवात सातवाहन राजा राण्यांबरोबर जलक्रीडा करीत होता. अंगावर पाणी उडवून घेऊन दमलेली एक राणी संस्कृतात म्हणाली, पाण्याने मारू नका. ‘मा’ आणि ‘उदकैः’ यांचा संधी ‘मोदकैः’. राजाला संधी कळला नाही. त्याने ताटभर मोदक मागवले! राणी हसली. आमच्या जुन्नर तालुक्यात अष्टविनायकांपैकी लेण्याद्री आणि ओझर असे दोन गणपती आहेत, त्यामुळे मोदक मागवणाऱ्या राजाचे काही चुकले असे आम्हाला वाटत नाही. पण राजा मात्र खजील झाला. मला संस्कृत शिकवा, म्हणाला. दरबारातला गुणाढ्य पंडित म्हणाला, सहा वर्षांत शिकवतो. दुसरा पंडित शर्ववर्मा म्हणाला, सहा महिन्यांत. गुणाढ्याने पण लावला की हे साधले तर संस्कृत, प्राकृत आणि देशी, तिन्ही भाषा मी सोडीन. शर्ववर्म्याने ते साधले. गुणाढ्य मुका होऊन विंध्याच्या रानात गेला, तेथे पिशाचांची पैशाची भाषा शिकला आणि त्या भाषेत त्याने विद्याधरांच्या सात महान कथा लिहिल्या. सात लाख श्लोक. शाई नव्हती म्हणून स्वतःच्या रक्ताने.

शिष्य ते बाड घेऊन राजाकडे गेले. राजाने नाक मुरडले. भाषा पिशाचांची आणि शाई रक्ताची, असले काव्य कोण वाचतो? गुणाढ्याने रानात अग्नी पेटवला आणि एकेक पान मोठ्याने वाचून तो त्यात टाकू लागला. रानातली जनावरे चारा सोडून भोवती उभी राहिली आणि रडत ऐकू लागली. इकडे राजा आजारी पडला. वैद्य म्हणाले, मांसात कस नाही. स्वयंपाक्यांनी पारध्यांकडे बोट दाखवले. पारधी म्हणाले, जनावरे चरतच नाहीत, गोष्टी ऐकत बसतात. तेव्हा कुठे राजा धावत रानात गेला. तोवर सहा कथा जळून गेल्या होत्या. सातवी, नरवाहनदत्ताची, तेवढी उरली होती. आणि ती का उरली? शिष्यांना ती फार आवडत होती, म्हणून गुणाढ्याने ती त्यांच्यासाठी बाजूला ठेवली होती.

लहानपणापासून ऐकलेली ही कथा मला त्या पाडव्याच्या संध्याकाळी पहिल्यांदा समजली असे वाटले. गुणाढ्याचा मूळ ग्रंथ आज उपलब्ध नाही. पण दंतकथेचा हिशेब धरला तर आपल्याकडे आलेला कथासागर हा एका मालिकेचा सातवा भाग आहे. आधीचे सहा कायमचे गेले. जो वाचला तो दरबाराच्या पसंतीने वाचला नाही, दोन पोरांच्या आवडीने वाचला. विक्रम आणि वेताळाच्या पंचवीस कथा याच सागरात आहेत. ‘चांदोबा’ वाचणारी आमची पिढी तेथपर्यंत गेली ती त्या दोन शिष्यांच्या पुण्याईने. राजाला मात्र शिष्यांच्या हातात बाड असताना “काय आहे रे यात?” एवढा एक प्रश्न सुचला नाही.

जळालेल्या पहिल्या भागाबद्दल मी बोलतो तेव्हा मला आंबेगावची आठवण होते. आंबेगाव तालुका सर्वांना माहीत आहे. पण ज्या आंबेगावावरून तालुक्याला नाव पडले ते गाव घोड नदीवरच्या डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेले. तालुक्याचे ठाणे घोडेगावला, मोठी बाजारपेठ मंचरला, आणि नाव मात्र बुडालेल्या गावाचे. घोडेगावात मी नोकरीला असताना एक वृद्ध बाई खाते उघडायला आल्या. अर्जात पत्ता विचारला. त्या म्हणाल्या, “आंबेगाव, तालुका आंबेगाव.” माझ्या हाताखालचा तरुण कारकून म्हणाला, “आजी, ते गाव आता नाही. नवा पत्ता सांगा.” त्या काही बोलल्या नाहीत. बरोबरच्या नातवाने नवा पत्ता सांगितला. अर्ज नियमाप्रमाणे पुरा झाला. त्या उठून गेल्यावर मला वाटले, गाव कसे होते, घर नदीपासून किती लांब होते, हे एकदा विचारायला काय हरकत होती? कामाच्या गर्दीत राहून गेले. मालिकेचा पहिला भाग पाण्याखाली असेल तर तो ज्यांना पाठ आहे त्यांना विचारण्यापलीकडे दुसरा उपाय नसतो. ती माणसे फार दिवस थांबत नाहीत.

आता पुन्हा त्या खाटेवर येतो. नातीने पहिल्या भागाची कथा सांगितली तेव्हा मध्येच ती थांबली आणि माझ्या तोंडाकडे पाहू लागली. नाताळचा राजपुत्र कोल आणि हॅलोवीनचा राजपुत्र हेक्स एकमेकांच्या प्रेमात पडतात. माझ्या हातातल्या दुसऱ्या भागात क्रिस ज्याच्या राज्यात तपासाला जातो तो सेंट पॅट्रिकचा राजपुत्र लॉकलन. केंब्रिजमध्ये शिकताना क्रिसचे ज्याच्याशी हाडवैर होते तोच हा, आणि त्यांचेही पुढे तसेच होते. या मालिकेत राजपुत्राला राजपुत्रच भेटतो.

मी गप्प झालो, हे कबूल केले पाहिजे. माझ्या चाळीस वर्षांच्या लेखनात असे एक पात्र नाही. बँकेत, गावात, नात्यात अशी माणसे माझ्या आसपास नव्हती असे मी समजत आलो. ती होतीच, पण मला सांगावे असे त्यांना वाटले नाही, हे आता कळते. थोड्या वेळाने मी विचारले, “गेल्या दिवाळीत तू मला हेच सांगणार होतीस का?”

“हे नव्हे,” ती म्हणाली. “आमच्या वर्गात एक मुलगा आहे. त्याच्या घरी कळलं, आणि वडलांनी सांगितलं की दिवाळीला येऊ नकोस. पुस्तक त्यानंच मला दिलं होतं. त्याला इथं घेऊन येऊ का, असं तुम्हाला विचारणार होते. पण तुम्ही पुस्तकालाच हसलात.”

“आणि यंदा?”

“यंदाही तो वसतिगृहातच आहे. मेस बंद असते सुट्टीत.”

माझी पत्नी दारात उभी राहून ऐकत होती. ती एकदम म्हणाली, “अगं, मग मला का नाही बोललीस?” आणि मग माझ्याकडे पाहून गप्प बसली. का बोलली नाही, हे तिला माझ्याइतकेच कळले होते.

प्रौढांचे परस्परसंमतीचे असे संबंध हा गुन्हा नव्हे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी दिला. तो मी वर्तमानपत्रात वाचला होता आणि योग्य झाले असे म्हणून पान उलटले होते. पण कायद्याच्या निकालाने एखाद्या मुलाला दिवाळीच्या पहाटे अभ्यंगस्नानाला घर मिळत नाही. ते घराघरांतूनच मिळायचे असते. त्या वर्षी जुन्नरला एक घर तयार होते. अंथरूण होते, करंज्या होत्या. पण त्या घरातल्या कर्त्या म्हणवणाऱ्या माणसाने एका पुस्तकाला हसून दार लावून घेतले होते, आणि दार लावले आहे याचा त्याला पत्ताही नव्हता.

पुस्तक थोर आहे असा माझा दावा नाही. पानोपानी थट्टामस्करी आहे, ती पुष्कळदा लांबते. काही पाने आजोबांनी नातीसमोर वाचण्यासारखी नाहीत. ती मी रात्री एकट्याने वाचली आणि सकाळी त्याविषयी अवाक्षर काढले नाही. पण धाकट्या क्रिसची कथा माझ्या मनात राहिली. हा मुलगा सदा थोरल्या भावाच्या मदतीला उभा असतो, त्याचे दुःख वाटून घेतो, आणि त्याला स्वतःला काय हवे ते कोणी विचारलेले नसते. पहिल्या भागात जो बाजूला उभा होता त्याला दुसऱ्या भागात कोणीतरी विचारते, “आणि तुझे काय?” दुसरा भाग लिहिण्याचे एवढे एक कारण पुरेसे आहे असे मला वाटते.

सांगायचा मुद्दा असा. आपल्या घरातली मुले जे वाचतात, पाहतात, ऐकतात त्याचा बहुधा दुसरा, तिसरा किंवा सातवा भाग आपल्या कानावर येतो. आधीचे आपल्याला ठाऊक नसते. अशा वेळी दोन गोष्टी करता येतात. एक म्हणजे सातवाहन राजाने केले तसे करावे. दुसरी म्हणजे पुस्तकावर बोट ठेवून विचारावे, “याच्या आधी काय झालं?” हा प्रश्न विचारणाऱ्याला लहान व्हावे लागते, आणि सांगणारा त्या वेळेपुरता मोठा होतो. ‘चांदोबा’चा अंक चुकलेल्या पोराला हे कळत होते. अनुभवाच्या नावाखाली आपण ते विसरतो. पुस्तक आवडलेच पाहिजे अशी सक्ती नाही. न आवडल्याचे सांगताही येते, आणि नातीला मी ते सांगितलेही. पण वाचून सांगितले, म्हणून तिने ते हसत ऐकून घेतले.

ती भाऊबीज झाल्यावर निघाली तेव्हा माझ्या पत्नीने फराळाचे दोन डबे केले. एकावर नातीचे नाव लिहिले. दुसऱ्यावर काय लिहावे ते तिला सुचेना, कारण त्या मुलाचे नाव आम्ही अजून विचारलेच नव्हते. एसटी स्टँडकडे जाताना मी ते विचारले. नातीने सांगितले. येत्या दिवाळीला तो येतो म्हणाला आहे. पहिला भाग तो बरोबर आणणार आहे. मी तो अजून वाचलेला नाही, नुसता ऐकला आहे.